अगाथाबाईंनी नळ मागितला होता

परवा आमच्या शाळेच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो आला आणि माझं डोकंच फिरलं. फोटो आमच्या अगाथाबाई साळव्यांचा. डोक्यामागं कुणीतरी सोनेरी वलय चिकटवलेलं, भोवती गुलाब, आणि खाली लिहिलेलं: 'शेंद्र्याच्या मरियामातेचे अश्रू सर्वप्रथम पाहणाऱ्या पुण्यवान बाई. हा मेसेज पुढं पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता कळेल.' त्याखाली आमच्याच बायकांनी पाठवलेले जोडलेले हात. विज्ञान शिकवून आता पेन्शन घेणाऱ्या बायका!

सर्वप्रथम पाहणाऱ्या म्हणे. अहो, ते अश्रू नाहीत, साधं पाणी आहे, एवढं एकच सांगता सांगता त्या बाईचा घसा बसला. ज्या गोष्टीशी ती भांडली, तिच्याच जाहिरातीत नेऊन बसवलं तिला. आता बाई हयात नाहीत, म्हणजे भांडायलाही कुणी उरलं नाही. म्हणून मी लिहायला बसले. मला लिहिता येतं अशातला भाग नाही, मी गणिताची. पण राग आला की मला गप्प बसवत नाही, आणि राग चांगलाच आलाय.

अगाथाबाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा उस्मानपुऱ्यात, माझ्या घरापासून चालत जाण्याजोगी. बाई मात्र रोज शहराबाहेरून, शेंद्र्याहून यायच्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी, पिना मारून चापूनचोपून बसवलेला पदर, गळ्यात बारीकसा क्रूस आणि हातात कायम लाकडी फूटपट्टी. पट्टी मारायला नव्हती. नकाशावर देश दाखवायला होती, आणि बोलताना हवेत नाचवायला. माहेर वैजापूरकडचं, पणजोबांपासूनचं कॅथलिक घराणं. एकदा एका नव्या मॅडमनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन, मग तुमचं मराठी एवढं चांगलं कसं हो?" बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही हिंदू, मग तुमचं एवढं वाईट कसं?" त्या मॅडम वर्षभर आमच्या टेबलावर डबा खायला बसल्या नाहीत.

बाईंचा नकाशा मरियामायवरून चालायचा. पोर्तुगाल कुठाय? जिथं मेंढरं राखणाऱ्या पोरांना माय दिसली, तिथं. फ्रान्सचे डोंगर कुठले? जिथं सरपण वेचायला गेलेल्या पोरीला गुहेत माय दिसली, ते. मेक्सिको? एका गरीब माणसाच्या पांघरुणावर मायचं चित्र उमटलं, तो देश. आमच्या शाळेतल्या मोमीनांच्या आणि कुलकर्ण्यांच्या पोरांना हे देश झोपेतून उठवून विचारले तरी सापडायचे. एका पालकानं तक्रार केली, बाई भूगोलाच्या तासाला धर्म शिकवतात. हेडसरांनी बोलावलं. बाई म्हणाल्या, "सर, मी चमत्कार सांगते ते खरं. पण त्यानंतर तिथं पाऊस किती, जमीन कशी, लोक उपाशी का होते, हेपण सांगते. त्यांनी पोराची वही पुरती वाचली नसंल."

कारण ही बाईंची फार मोठी गोष्ट. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी कारण बघायचं, मग हात जोडायचे. कारण सापडलं की हात खाली." मी म्हणायचे, मग तुम्ही देव मानताच कशाला? तर म्हणायच्या, "मानते म्हणून तर तपासते. माय उगं उठसूट दिसत नसती. तिला काय दुसरी कामं नाहीत? रोमवाले वर्षानुवर्षं चौकशी करतात अन् बहुतेकांना नाहीच म्हणतात. त्यांना घाई नसती, अन् मला बी नाही."

एकदा सिल्लोडकडून त्यांच्या नात्यातली एक बाई कापडात गुंडाळून भाकरी घेऊन शाळेतच आली. भाकरीवर मायचं तोंड उमटलंय म्हणे. सगळी स्टाफरूम वाकून बघायला लागली. आणि खरं सांगते, दिसत होतं काहीतरी, पदर घेतल्यासारखं. बाईंनी चष्मा लावला, भाकरी उजेडात धरली, उलटी केली, बोटानं दाबली. म्हणाल्या, "तवा एका बाजूला कमी तापलाय." आणि मोडून, माझ्या डब्यातला ठेचा घेऊन, खाऊन टाकली. ती पाहुणी रडकुंडीला आली. बाईंनी तिलाही अर्धी दिली. "खा, लांबून आलीस. उपाशी पोटी लई काय काय दिसतं माणसाला."

पण याच बाई जगभरच्या भलत्यासलत्या संतांच्या गोष्टी तासनतास सांगायच्या. चर्चनं न मानलेले, लोकांनीच मानलेले संत त्यांना फार आवडत. फ्रान्समधे एक कुत्रा संत होता. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवलं, आणि मालकानं तोंडाला लागलेलं रक्त बघून त्यालाच मारलं. मग आया आपली आजारी पोरं त्याच्या थडग्यावर न्यायला लागल्या. धर्मगुरूंनी बंदी घातली, तरी जातच राहिल्या. मी म्हटलं, "अहो, ही तर आमची ब्राह्मणाच्या मुंगसाची गोष्ट!" बाई म्हणाल्या, "तीच. तुम्ही नुसतं तात्पर्य काढलं. त्या बाया निदान पोरं घेऊन गेल्या." दुसरी गोष्ट अर्जेंटिनातली. एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन वाळवंटातून नवऱ्याच्या शोधात निघाली, तहानेनं मेली, आणि लेकरू मात्र तिच्या अंगावर पीत जिवंत सापडलं. आजही तिथले ट्रकवाले रस्त्याकडेच्या तिच्या देवळीपाशी पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात. ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. शेंद्र्याच्या वस्तीतल्या बायकांनाही त्यांनी ती सांगितली होती, जपमाळेच्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात, प्रार्थना झाल्यावर. ती गोष्ट पुढं काय घोळ घालणार आहे याची त्यांना काय कल्पना!

तहानेचं त्यांना कळायचं, कारण त्यांच्या वस्तीत पाणीच नव्हतं. शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा त्यांच्या मिस्टरांनी स्वस्तात प्लॉट घेतला. पुढं मिस्टर गेले, वस्ती वाढली. गंगापूर-वैजापूरकडची कॅथलिक घरं, जालन्याकडची शेतकरी घरं, काही मुसलमान घरं, सगळी कारखान्यांच्या आशेनं आलेली. घरं झाली, डिश लागल्या, नळ काही आला नाही. वस्तीच्या कडेनं मोठी पाइपलाइन गेलेली, आणि तिला कान लावला की आतून पाणी वाहताना ऐकू यायचं. बाईंनी मला एकदा तो पाइप ऐकवला होता. मला संतापच आला. बाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा ऐकलं. आम्ही रोज ऐकतो."

तर बाई शाळेतून सुटताना पाण्याचा कॅन भरून घ्यायच्या आणि सिटी बसनं घरी न्यायच्या. एक कंडक्टर फार आगाऊ होता. म्हणाला, "मॅडम, पानी का भी टिकट निकालो." बाईंनी मुकाट्यानं पैसे काढून दिले, तिकीट घेतलं, आणि कॅन उचलून शेजारच्या सीटवर ठेवला. गर्दी झाली. कंडक्टर म्हणाला, कॅन खाली घ्या. बाईंनी कॅनचं तिकीट दाखवलं. "इसका टिकट है. बैठने दो इसको." मुकुंदवाडीपर्यंत तो कॅन खिडकीशी बसून गेला आणि माणसं उभी. पुन्हा कुणी पाण्याचं तिकीट मागितलं नाही.

नळासाठी बाईंनी काय केलं नाही! अर्ज केले, बायकांना घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेल्या, साहेबांच्या दारात बसल्या. साहेब बदलायचे. नवा साहेब म्हणायचा, मला बघू द्या. बघून होईपर्यंत त्याची बदली. मी शनिवारी कधीमधी त्यांच्याबरोबर जायचे. तिथला तो पंखा, तो चहा, ते "उद्या या" आठवलं की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात.

मग ते वाईट वर्ष आलं. जायकवाडी तळाला गेलं, शहरात आम्हालाच आठवड्यातून एकदा नळ, मग शेंद्र्याची काय कथा. टँकर यायचा तो कधी यायचा, कधी नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "देशपांडे बाई, कुणाला बोलू नका. मी मायला पाण्यात घातलंय."

मला आधी कळेना. मग हसूच फुटलं. "अहो, तुमच्यात चालतं का हे?"

"चालतं कुठं? फादरना कळलं तर ओरडतील. पण आमची आजी घालायची. पोरगं आजारी पडलं, पाऊस लांबला, की मायला उचलायची अन् रांजणात. म्हणायची, तू पण बस मग गुदमरत. आता सगळे अर्ज संपले माझे. नळ मंजूर होईस्तोवर बस म्हटलं पाण्यात."

"आणि प्यायला पाणी नाही तिथं देव बुडवायला कुठून आणलं?"

"प्यायच्याच ड्रममधे बसवलीय. उकळून पिते मी. पाणीबी राहतं अन् मायबी राहती."

हेच बघा. कारण बघणारी बाई, पण पाठ भिंतीला टेकली की आजी आठवली. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाला माझा गणपती तांब्यात होताच की.

आता ही माय म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती, हातभर उंचीची. वस्तीत बाईंच्या घराला लागून पत्र्याची एक खोली होती, तेच प्रार्थनाघर. तिथल्या कोनाड्यात ती असायची. बाई दर शनिवारी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायच्या, त्यामुळं डोळ्यांवरचा रंग पार झिजला होता. बाकी अंगावर ऑइलपेंटचा जाड थर. आठवडाभरानं ड्रममधलं पाणी बुडाशी गेलं, नळ काही मंजूर झाला नाही, तेव्हा बाईंनी मायला बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा कोनाड्यात ठेवलं. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. आत मुरलेलं पाणी बाहेर यायला वाट शोधणार. वाट कुठं? जिथं रंग नाही तिथं. म्हणजे डोळ्यांत.

शेजारची कडूबाई प्रार्थनाघर झाडायला यायची. कारखान्याच्या कँटीनमधे पोळ्या लाटणारी, मनानं फार चांगली बाई. तिनं बघितलं आणि झाडू टाकून ओरडत सुटली, "बाई! ओ बाई! माय रडायली! लई रडायली ओ माय!"

बाई धावत आल्या, बघितलं, आणि तिथल्या तिथं सांगितलं, "कडूबाई, ओरडू नको. मीच तिला पाण्यात ठेवलं होतं, ते पाणी आहे." पण तोवर बाहेर बायका जमल्या होत्या. बाईंनी सगळ्यांना सांगितलं. पाणी, प्लास्टर, रंग, ऊन, फूटपट्टीनं दाखवून दाखवून सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कडूबाई म्हणाली, "व्हय बाई. तुम्ही मायला पाण्यात ठिवलं, म्हनूनच तर मायला आपली तहान कळली. म्हनूनच ती रडायली."

आता या बोलण्यावर काय उत्तर आहे सांगा! बाईंनी कारण दिलं आणि बायांनी ते कारणच चमत्कारात घालून टाकलं.

दोन दिवसांत जालना रोडवरून रिक्षा भरभरून माणसं यायला लागली. मेणबत्त्या, नारळ, हिरव्या बांगड्या, चादरी, जे ज्याच्या धर्मात ते. फादर आले. तरुण, नवे होते बिचारे. त्यांनी मूर्तीकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं आणि म्हणाले, "चर्चचं यावर सध्या काही मत नाही. बाई, लोकांची श्रद्धा दुखवू नका, हळूहळू शांत होईल." बाई म्हणाल्या, "फादर, रोमला वेळ आहे. माझ्या वस्तीला नाही."

मग अण्णा आले. अण्णा म्हणजे त्या भागातले प्लॉटिंगवाले पुढारी. पांढरे बूट, पांढरी गाडी. बाईंचे सगळे अर्ज त्यांच्याकडं पोचलेले होते आणि त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. आता त्यांनी मांडव घातला, भोंगे लावले आणि भक्तांच्या सोयीसाठी टँकर सुरू केला. रोजचा! बाई गेल्या त्यांच्याकडं. "अण्णा, टँकर नको, आमच्या नळाचं बघा." अण्णा हात जोडून म्हणाले, "बाई, आता मायनंच मनावर घेतलंय. तुम्ही-आम्ही कोण?"

त्या दिवशी शाळेत येऊन बाई माझ्या टेबलावर पट्टी आपटून म्हणाल्या, "मी नळ मागितला होता, बाई! नळ! अन् मला मिळाला चमत्कार! आता हा परत कुणाला देऊ?"

त्यांना बोचत होतं ते हे. गर्दी ओसरली की टँकर जाणार, हे त्यांना दिसत होतं. आणि तोवर नळाचं नाव कुणी घेणार नाही. म्हणून चमत्कार मोडायचा, आणि तोही लवकर, असं बाईंनी घेतलं मनावर. म्हणाल्या, "लोकांना सांगून पटत नाही. प्रयोग करून दाखवते. तुमच्याकडं प्लास्टरचं काही आहे?"

होता. माझ्या शोकेसमधे सासूबाईंनी जत्रेतून आणलेला हिरवागार पोपट होता. मला तो कधीच आवडला नव्हता. मी आनंदानं दिला. बाईंनी कंपासच्या टोकानं त्याच्या डोळ्यांवरचा रंग खरवडला, त्याला बादलीत बुडवून ठेवलं, आणि रविवारी मीही गेले प्रयोग बघायला. मांडव गच्च भरलेला. बाई टेबलावर पोपट ठेवून उभ्या राहिल्या, वर्गात उभ्या राहायच्या तशाच. सगळं समजावून सांगितलं. म्हणाल्या, "आता ऊन लागलं की ह्याच्याही डोळ्यांतून पाणी येतं का नाही बघा. आलं तर समजा, मायचंही तसंच आहे."

आम्ही बसलो वाट बघत. घामाच्या धारा लागल्या. आणि आलं की हो! पोपटाच्या डोळ्यांतून थेंब आला आणि चोचीवरून खाली घसरला. मी तर टाळ्या वाजवणार होते. बाईंचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "बघितलं?" त्या म्हणाल्या, "कळलं आता?"

मग कडूबाईनं कानशिलावर बोटं मोडली आणि हात जोडले. "माय गं! पोपटाला बी कळलं, अन् मानसाला कळंना!"

झालं. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं पोपटाला हळद-कुंकू लावलं. कुणीतरी हिरवी मिरची ठेवली पुढं. मी ओरडले, "अहो, तो माझा पोपट आहे, शोकेसमधला!" तर अण्णांचा एक कार्यकर्ता मला म्हणाला, "भाग्यवान आहात, ताई." संध्याकाळपर्यंत पोपट मायशेजारी कोनाड्यात बसला होता, गळ्यात झेंडूचा हार. अजून तिथंच आहे. नवसाला पावतो म्हणतात, विशेषतः परीक्षेच्या.

बाई मला स्टॉपवर सोडायला आल्या, तर मी हसून हसून बेजार. बाई मात्र माझ्यावर चिडल्या. "तुम्हाला उस्मानपुऱ्यात जाऊन हसता येईल," म्हणाल्या. मग माझंही हसू गेलं.

त्याहून वाईट पुढंच होतं. ती अर्जेंटिनाची गोष्ट आठवते ना? वस्तीतल्या बायकांनी ती विसरलेली नव्हती. कुणीतरी मायच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवली. मग दुसरीनं ठेवली. मग कुणी म्हणालं, माय रडून रडून कोरडी पडेल, तिच्या डोक्यावर पाणी घाला. आणि ज्या वस्तीत पोरांना एका तांब्यात अंघोळ घालत होते, तिथं मायवर तांब्यांमागून तांबे ओतायला लागले. टँकरचंच पाणी. रांगेत उभं राहून मिळवलेलं, आणि परत रांगेत उभं राहून ओतलेलं! बाई कोनाड्यासमोर हात पसरून उभ्या राहायच्या. "अगं, ती गोष्ट अशी नाही! ती बाई तहानेनं मेली होती! तुमची पोरं तहानलेली आहेत, त्यांना पाजा!" बायका म्हणायच्या, "बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं."

पाण्याच्या ऑफिसात त्याच दिवसांत एक मोठी बैठक होती. नव्या साहेबांनी स्वतः वेळ दिली होती, पहिल्यांदाच. बाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं, सगळ्या या, पन्नास बाया दिसल्या की साहेब हलतो. सकाळी ऑफिसच्या दारात आम्ही दोघीच. बाकीच्या मांडवात, त्या दिवशी मायचा अभिषेक होता. कडूबाईसुद्धा आली नाही. साहेबांनी आमच्याकडं बघितलं, फाइल उघडलीसुद्धा नाही, आणि हसून म्हणाले, "तुमच्याकडं तर साक्षात माय आहे, बाई. नळ कशाला हवा?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझा हात दाबला. जिन्यावरून उतरताना त्यांना बसावं लागलं. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच बघितलं. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "हे बघायला मात्र कुणी येत नाही." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

प्लास्टर ते प्लास्टरच. एवढं पाणी ओतल्यावर मायचं नाक गेलं, मग गाल, मग तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा राहिला. डोळेच नाहीत तर अश्रू कुठले? गर्दी ओसरली. मांडव निघाला, भोंगे निघाले, आणि टँकर निघून गेला. आता दोष कुणाचा? अण्णांचा नाही, तांबे ओतणाऱ्यांचा नाही. बाईंचा! बाईंनी संशय घेतला, बाईंनी पोपट शेजारी बसवून मायचा अपमान केला, म्हणून माय रुसली. बाईंच्या दारावरून जाताना बायका मान फिरवायला लागल्या. ज्यांच्या पोरांना बाईंनी फुकट शिकवलं त्यासुद्धा. बाईंनी मायचे तुकडे गोळा केले, जुन्या पातळात बांधले आणि अंगणात पुरले. अभिमंत्रित वस्तू टाकून द्यायची नसते, त्यांच्यात पुरतात. अण्णांनी प्रार्थनाघराबाहेर चौथरा बांधून फायबरची नवी माय आणून बसवली. गालावर दोन थेंब रंगवलेले, कायमचे.

मी म्हटलं, "बाई, सोडा आता ती वस्ती. माझ्या वरच्या मजल्यावर या राहायला, पाणी तरी येतं." तर म्हणाल्या, "मी गेले की त्यांना वाटंल, माझंच चुकलं होतं." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पाण्याच्या ऑफिसात. एकट्या. निवृत्त झाल्या तरी जातच राहिल्या. शिपाई त्यांना बघितलं की खुर्ची काढून द्यायचा, एवढीच काय ती प्रगती.

आणि नळ आला. काही वर्षांनी आला. अण्णांनी वस्तीपलीकडं मोठी सोसायटी काढली, जलतरण तलाव असलेली. तिच्यासाठी लाइन टाकायची तर वस्तीतूनच न्यावी लागणार होती, आणि अडवायला बाई होत्याच. वस्तीला जोड दिल्याशिवाय खड्डा खणू देणार नाही म्हणून त्या चक्क चरात खुर्ची टाकून बसल्या. जोड मिळाला. मला फोन आला, "या, नळ येतोय. पाणी प्यायला या."

मी गेले. बाई वाळल्या होत्या, पण इस्त्रीची साडी नेसून हंडा घासूनपुसून तयार. नळ काढला होता मायच्या चौथऱ्यापासून थोड्या अंतरावर, त्याला हार घातलेला, समोर मांडव आणि बॅनर: 'मायच्या अश्रूंचे झाले पाणी.' बॅनरवर अण्णा, माय, साहेब. बाईंचं नाव कुठंच नाही. अण्णांनी नळ सोडला, पाणी धो धो आलं, बायका किंचाळल्या, पोरं नाचली. अण्णा माइकवर म्हणाले, "पहिला हंडा मायच्या डोक्यावर!"

बाई पुढं झाल्या. "सरका," म्हणाल्या, आणि स्वतःचा हंडा नळाखाली लावला. कुणी हटकलं नाही. मांडवातली निम्मी तरुण माणसं त्यांच्याच हाताखालून गेलेली. हंडा भरल्यावर बाईंनी तो कमरेवर घेतला. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना! माइक समोर आहे! नळ कुणामुळं आला ते सांगा!"

"किती वेळा सांगू?" बाई म्हणाल्या, आणि निघाल्या.

मागं अण्णांचं भाषण पुन्हा सुरू झालं, मायची कृपा, मायची करुणा. बाई चौथऱ्यापाशी पोचल्या आणि थांबल्या. मला वाटलं, हात जोडतील. हात मोकळे नव्हते. त्यांनी मान वर करून त्या रंगवलेल्या थेंबांकडं बघितलं आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या. मी मागंच होते, मला स्वच्छ ऐकू आलं.

"माझं कुणी ऐकत नाही, माय. आता तूच सांग ह्यांना. तू रडली नव्हतीस म्हणून सांग."

मला वाटलं, झालं, आता चालायला लागतील. पण त्या हलल्या नाहीत. हंडा जड होता, पाणी हिंदकळून पदर भिजत होता, तरी तशाच मान वर करून उभ्या राहिल्या. उत्तराची वाट बघत होत्या. भाषण संपलं, टाळ्या वाजल्या, नळावर भांड्यांची झुंबड उडाली, आणि बाई तिथंच उभ्या होत्या.